उपासाचं दूध

ती घटना आजही आठवते, एवढंच म्हटलं तर कमी होईल. ती मला सोडतच नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, ते सगळे कागदांत जाऊन बसले. हे प्रकरण त्या मानाने लहान. पण त्यात मी माझ्या हाताने एक ओळ लिहिली होती आणि ती ओळ कधीच पुसता आली नाही.

हैदराबाद राज्याची वाटणी व्हायची होती, त्या दिवसांतली गोष्ट. काचीगुड्याजवळच्या ठाण्यात मी अमीन होतो. आमच्याकडे तेव्हा सब-इन्स्पेक्टरला अमीन म्हणत. कचेऱ्यांमधल्या कपाटांवर खडूने खुणा झाल्या होत्या, हे मुंबईला, हे म्हैसूरला, हे इथेच. माणसांच्याही याद्या चालल्या होत्या. आपण कुठे जाणार हे मलाही माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या काळात कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं.

श्रावणातला सोमवार होता. दुपारी बाराच्या सुमारास नारायणगुड्यातल्या एका सरकारी कचेरीतून फोन आला. बोलणारा तिथला मराठी हेडक्लार्क. म्हणाला, "अमीनसाहेब, आमचा एक माणूस पिऊन आलाय. टायपिस्ट बाया बसल्यात इथे. लवकर या."

दोन जवान घेऊन गेलो. पंचेचाळिशीचा एक कारकून, धोतर, कोट, काळी टोपी, जुन्या घरंदाज कुटुंबातला, भिंतीला धरून उभा होता. चेहरा लालभडक, जीभ जड, कोटाची बटणं वर-खाली लागलेली. काहीतरी पुटपुटत चिमटीने हवेतून काही उचलत होता. स्टेशनाच्या आसपास प्रवाशांना गुंगीचं औषध देऊन लुटणाऱ्या टोळ्या आम्हाला ठाऊक होत्या, म्हणून मी आधी त्याचे खिसे तपासले. घड्याळ होतं, अंगठी होती. लूट नाही, म्हणजे औषध नाही, म्हणजे दारूच, असा माझा हिशेब. हेडक्लार्क शेजारीच उभा. डोळे भरून म्हणाला, "वीस वर्षांचा दोस्त आहे हो माझा. तोंडाला वास येतोय, काय करू?"

मी स्वतः वास घेतला नाही. शहाण्या माणसाने सांगितलं, मी मानलं. ठाण्यावर आल्यावर रोजनामच्यात लिहिलं: "सरकारी नोकर, कामाच्या वेळी, दारूच्या नशेत." नियमाप्रमाणे त्याची नक्कल त्याच्या खात्याला पाठवली आणि त्याला हवालातीत बसवलं. माझा एक जवान गजाआडून विचारत होता, "क्या सी रहे चचा? शेरवानी?" बाकीचे हसले. मीही हसलो.

चार वाजता त्याची बायको आली. नऊवारी नेसलेली, उन्हातून चालत आलेली. रडली नाही. गजाशी उभी राहून नवऱ्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"अमीनसाहेब, तुम्ही जवळ जाऊन वास घेतलाव का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"घ्या की मग. आज सोमवार आहे. उपासाच्या दिवशी हे चहाला पण नक्को म्हणतात. आणि हसायलेत काय हे तुमचे लोक? सुईत दोरा ओवायलेत ते. सासूबाईंना दिसत नाही, पण वाकळी शिवल्याबिगर त्यांना चैन पडत नाही. रोज कचेरीला जायच्या आधी हे दहा सुया ओवून देतात त्यांना."

मी आत गेलो. दारूचा वास मुळीच नव्हता. तोंड कोरडं ठणठणीत, अंग तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. डोळ्यांवर ऊन पडत होतं तरी बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या. मला घाम फुटला तो मात्र तेव्हा. टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरने एकदाच डोळे पाहिले आणि म्हणाला, "धोतरा दिलाय कुणीतरी. इतका वेळ कुठे ठेवला होता?"

त्याच दिवशी तीन वाजता वाटणीच्या समितीपुढे त्या कारकुनाची सुनावणी होती. कोण शहरात राहणार आणि कोण मुंबई राज्यात जाणार, ते तिथे ठरायचं. त्याच्या आंधळ्या आईला इथल्या घराच्या भिंती हाताने पाठ होत्या. परक्या गावी ती चूल कुठे आणि विहीर कुठे शोधणार, एवढंच त्याला समितीपुढे सांगायचं होतं. तो माझ्या हवालातीत असताना ती वेळ गेली, आणि समितीपुढे त्याच्याऐवजी खात्याकडून माझ्या नोंदीची नक्कल पोहोचली.

दोन दिवसांनी तो शुद्धीवर आला. सकाळी अकरानंतरचं काहीच त्याला आठवेना. "मी काही खाल्लं नाही, प्यालो नाही, उपास होता," एवढंच तो म्हणे. मग हळूच विचारी, "मी काही वाईट बोललो का हो बायांपुढे?" दुसऱ्याने आपल्या डोक्यातले दोन दिवस उचलून न्यावेत आणि शरम मात्र आपण वागवावी, याची चीड मला तेव्हा आली ती आजही तशीच आहे.

कचेरीतल्या सगळ्यांचे जबाब घेतले. त्याने काही खाल्ल्याचं कुणीच पाहिलं नव्हतं. हजेरी पाहताना लक्षात आलं की त्यांचा म्हातारा चपराशी त्या सोमवारी दुपारपासून आलेला नाही. त्याचं घर शोधून गेलो. दारात त्याची बायको म्हणाली, "दो दिन हवा में मक्खियां पकड़ते बैठे थे, साब. मेरेकूच नईं पैचाने. साया लगा बोल के दुआ पढ़ाई मैं." तिला ती भूतबाधा वाटली होती.

म्हातारा आता सावध होता, पण शरमलेला. मी शेजारी बसलो तेव्हा त्याने सांगितलं. हेडक्लार्क साहेबांनी दोस्तासाठी, उपासाला चालतं म्हणून, घरून वेलदोड्याचं दूध आणलं होतं. दोस्ताने थोडं पिऊन उरलेलं ठेवलं. "दूध फेंकना बुरा लगा, साब. पी लिया."

हेडक्लार्कला ठाण्यावर बोलावलं. हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. सोमवारची सकाळ तीनदा सांगायला लावली. तिन्ही वेळा महादेवाचं देऊळ आलं, कचेरी आली, फोन आला. दूध एकदाही आलं नाही. मग मी चपराशाला आत घेतलं. त्याने सवयीने झुकून सलाम केला आणि भाबडेपणाने म्हणाला, "साब, दूध बढ़िया था. बस सर फिर गया."

हेडक्लार्क खुर्चीतच ढासळला. कचेरीतल्या मराठी नोकरांसाठी शहरात एकच जागा उरणार होती. यादीत दोस्त पहिला, हा दुसरा. त्यालाही इथलं घर सोडवत नव्हतं. श्रावणी सोमवारी महादेवाला वाहायला धोतऱ्याची फळं घरात आणलेली असतात, त्यातलंच एक त्याने दुधासाठी बाजूला ठेवलं. "तो मरावा असं नव्हतं मनात. एक दिवस, फक्त त्या दिवशी तो तिथे नको होता मला," असं म्हणून तो ओक्साबोक्शी रडला. फोन त्यानेच केला होता आणि खोटा वासही त्यानेच सांगितला होता. पण लिहिला मी.

त्याला शिक्षा झाली, नोकरी गेली. मी वर दुरुस्तीचं पत्र पाठवलं, मग दुसरं पाठवलं. उत्तर आलं की कारकुनाचं नाव मुंबई राज्यात गेलं आहे, यादी मंजूर झाली आहे, हरकतींचा यथावकाश विचार होईल. रोजनामच्याच्या पानांना आकडे असतात, पान फाडता येत नाही. पुढे तीस वर्षं मी कुणालाही नशेत असं लिहिण्याआधी स्वतः जवळ जाऊन वास घेतला, बाहुल्या पाहिल्या, नाडी पाहिली. नवीन पोरं चेष्टा करायची. करू देत. त्या कारकुनाला माझ्या या शहाणपणाचा काहीच उपयोग नव्हता.

गाडीच्या दिवशी तो ठाण्यावर आला. सामान आणि आई स्टेशनात बसवून आला होता. माझ्यावर रागावला असता तर बरं वाटलं असतं.

"अमीनसाहेब, एक विचारू? घरचे सांगत नाहीत. हवालातीतल्या त्या चार तासांत मी काय करत होतो?"

"सुईत दोरा ओवत होता. आईसाठी."

त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"गेला का?"

मी पाहिलं होतं. पुन्हापुन्हा चिमूट उचलत होता, डोळे बारीक करत होता, आणि पुन्हा पहिल्यापासून. आम्ही हसत होतो.

"गेला," मी म्हणालो. "पहिल्याच खेपेला गेला."

"हौ? मग सांगतो आईला," तो म्हणाला आणि टोपी नीट करून स्टेशनाकडे निघाला.