दिवाकररावांनी मरू न दिलेला साहेब

ब्राह्मणपारा मोहल्ल्यातले दिवाकरराव रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाले, ते आपल्या इंग्रजीचा अभिमान सोबत घेऊनच. जन्मभर त्या भाषेत त्यांनी फक्त वॅगनच्या तक्रारी लिहिल्या, पण हे त्यांच्या तोंडावर म्हणायची कोणाची बिशाद नव्हती. गोल बाजारातल्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना राणी व्हिक्टोरियाच्या काळातली एक जाडजूड कादंबरी सापडली. लेखकाचं नाव वाळवीने खाल्लेलं, आणि जग तर त्याला केव्हाच विसरलेलं. ही रोज दुपारी विमलवहिनींना मराठीत वाचून दाखवायची, असं दिवाकररावांनी ठरवलं.

विमलवहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची, श्यामकांतांची बायको. दोन वर्षांपूर्वी श्यामकांत बाजारात उभ्या उभ्या गेले. तेव्हा वहिनी रडल्या नाहीत, आणि पुढे बोलणंही विसरल्यासारख्या झाल्या. त्यांच्यासमोर श्यामकांतांचं नाव काढायचं नाही, असा नियम दिवाकररावांनीच घरात घालून दिला होता.

कादंबरीची सुरुवात झकास होती. गिरणीवाला साहेब, त्याची मेमसाहेब, बंगला, बग्ग्या, दोन लाडावलेल्या लेकी. वहिनी रंगल्या. “आज सायबाच्या घरी काय झालं?” असं आपणहून विचारू लागल्या. दिवाकररावांची मान ताठ झाली.

पण पुढचं आधी वाचून ठेवावं, तर तो कमीपणा वाटे. व्हायचं तेच झालं. सातव्या प्रकरणात साहेब जेवता जेवता खुर्चीतून कोसळला आणि मेला.

दिवाकररावांनी वाक्य अर्धवट सोडून वर पाहिलं. समोर वहिनी मटार सोलत बसल्या होत्या.

“साहेब... कामाले कलकत्त्याले गेला,” ते म्हणाले. “जहाजानं.”

आता जित्या माणसामागे घर कसं बुडवायचं? पुस्तकात गिरणी गेली, बंगल्याचा लिलाव झाला, लेकी लोकांच्या घरी शिकवण्या करू लागल्या, आणि दिवाकररावांचा साहेब आपला कलकत्त्यात मजेत. स्वयंपाकघरातून त्यांची बायको क्षमा ओरडली, “काय हो, एवढा सायब जित्ता आहे, तर बंगला काहून विकून राहिले?”

“तुले कादंबरीतलं काय समजते?” दिवाकरराव तिच्यावरच घसरले.

शेवटी घात केला मेमसाहेबांच्या दुखवट्याच्या कपड्यांनी. वाचण्याच्या ओघात ‘काळा झगा’ तोंडातून निघून गेला.

“काळा काहून?” वहिनींनी विचारलं.

“संक्रांत होती न!”

दुसऱ्या दिवशी पुन्हा काळा झगा. तिसऱ्या दिवशीही. मेमसाहेबांची संक्रांत काही सरेना. वहिनींनी मटाराचं ताट बाजूला सारलं.

“भाऊजी, सायब मेला न?”

दिवाकररावांनी चोरासारखी मान हलवली. “सातव्या प्रकरणात.”

“मले तवाच समजलं. बाजारातून फोन केला होता न तुम्ही, दादाले जरा चक्कर आली म्हणून? कलकत्ता म्हणताना आवाज तसाच झाला होता तुमचा.” वहिनींनी पुस्तकाकडे बोट दाखवलं. “वाचा आता. खरं खरं वाचा.”

दिवाकररावांनी मागची पानं काढून वाचलं. मध्येच त्यांचं इंग्रजी अडलं, मग मराठीही अडलं. क्षमा पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

“बरी आहे ती मेम,” वहिनी म्हणाल्या. “तिच्याजवळ लोक नवऱ्याचं बोलतात तरी. इथं तुम्ही सगळे असे गप्प, जसे हे या घरात राहिलेच नव्हते. आता ह्यायचं सांगा, कसे गेले ते. तुम्ही होते न जवळ?”

आपण वहिनींना जपत होतो की स्वतःला, हे दिवाकररावांना त्या घडीला कळलं आणि फार लाज वाटली. त्यांनी पुस्तक मिटलं.

“पोह्याच्या दुकानापुढे उभे होते दादा. दुकानदाराले म्हणत होते, जाड नको, आमच्या बाईले चालत नाही, पातळ दे. अन् मग माझा खांदा धरला.”

“खोटारडा माणूस!” वहिनी उसळून म्हणाल्या. “जाड पोहे ह्यायलेच आवडत नव्हते. जिथं तिथं माझंच नाव सांगायचे!”

त्या हसल्या, आणि हसता हसता दोन वर्षांचं एकदम रडल्या.