टोपलीतली घड्याळं

रत्नागिरीतल्या आमच्या हॉस्पिटलात मी औषधांच्या काउंटरवर बसतो. समोरच गॅसची खोली आहे. उकळून चालणार नाहीत अशी उपकरणं तिथे गॅसने निर्जंतुक करतात. हा गॅस चटकन पेट घेतो, एक ठिणगी पुरते.

ती खोली सांभाळणाऱ्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. सिस्टर हाडांचं ड्रिल घेऊन आली की ते दारातच हात पुढे करत. "बॅटरी काढलीस काय?" मोबाइल, घड्याळं दाराबाहेरच्या टोपलीत. एकदा हॉस्पिटलचे मालक खोली बघायला आले, तर त्यांनाही अडवलं. "सायेब, गाडीची चावी. तिच्यात पण बॅटरी असते."

मधे काका रजेवर गेले, ते छातीत पेसमेकर बसवून परतले. दारापर्यंत आले, छातीवर हात ठेवला आणि टोपलीशेजारी खुर्ची ओढून बसले.

"काका, ती बॅटरी सीलबंद असते. डॉक्टर म्हणतायत, जा आत," मी म्हटलं.

"असंल. पण मालकांच्या चावीला सोडलं नाय, मग मला कसा सोडू?"

आत आता दुसरी सिस्टर असते. काका बाहेर, घड्याळांसोबत.