काडीबाई जीपमधून उतरली नाही

तिला सगळे काडीबाई म्हणत. सव्वीस वर्षं तिनं कोंबड्यांच्या घशात कापूस गुंडाळलेली काडी फिरवली होती, हे एक कारण. दुसरं कारण लोक तिच्या पाठीमागे सांगत : ही बाई जिथे जाईल तिथे काडी लावून येते. दोन्ही गोष्टी तिच्या कानावर होत्या आणि दुसरीचा तिला राग नव्हता. राग यायला इतर गोष्टी भरपूर होत्या.

उदाहरणार्थ, फ्रिज. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मागच्या खोलीत नमुने ठेवायचा एक छोटा फ्रिज होता. त्यावर तिनं स्वतःच्या हातानं चिठ्ठी चिकटवली होती : 'फक्त नमुने. हात लावू नये.' एका सकाळी तिनं तो उघडला तर आत साहेबांच्या पाण्याच्या बाटल्या उभ्या आणि त्याही कोमट. मागे वाकून बघते तर फ्रिजची पिन काढलेली आणि त्या जागी साहेबांचा मोबाईल चार्जिंगला लावलेला.

"साहेब, हा फ्रिज आहे की शोकेस?"

"बाई, दहा मिनिटं लावलाय हो. आत कुठे काही होतं?"

"आत नव्हतं ते तुमचं नशीब."

साहेब वयानं तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. माणूस वाईट नव्हता, पण कोणताही कागद त्याच्या टेबलावर आला की तो आधी त्याला दुसऱ्या टेबलाचा रस्ता दाखवायचा.

त्याच आठवड्यात वरून आदेश आला. बर्ड फ्लूची साथ शेजारच्या भागात दिसली आहे, तेव्हा मोठ्या पोल्ट्रींतून नमुने घ्या, जागेवर झटपट तपासणी करा. काडीबाईच्या वाट्याला नऊ शेड आल्या. त्यातल्या सर्वांत मोठ्या शेडचे मालक म्हणजे तिचे भाओजी, तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा. आईच्या माघारी ताईनंच तिला वाढवलं, शिकवलं. ताईचं घर हे तिचं माहेरच होतं. खरं म्हणजे तिनं तेव्हाच सांगायला हवं होतं, ही शेड दुसऱ्या कुणाला द्या. पण दुसरं होतं कोण?

भाओजींनी तिला फाटकातच गाठलं. पायाशी जाळीचा खोका आणि त्यात दहा कोंबड्या, लालभडक तुऱ्यांच्या, टवटवीत, जणू फोटो काढायला बसवलेल्या.

"आत कशाला येतेस? तुमचाच नियम ना, बाहेरच्यांनी शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. मी आणून ठेवल्यात बघ तुझ्यासाठी."

"निवडल्या कुणी?"

"घ्या! आता मेहुणीसुद्धा चौकशी लावणार. अगं, हात घातला आणि हाताला लागतील त्या काढल्या."

तिनं मान डोलावली. पुढे कित्येक महिने तिला ही डोलावलेली मान आठवली की दात खायची वेळ येत असे. तिनं एकेक कोंबडी काखेत धरली, चोच उघडून घशात काडी फिरवली, दुसरी काडी शेपटीखाली फिरवली, काडी द्रवाच्या नळीत घुसळून पिळली, प्लास्टिकच्या पट्टीवर चार थेंब टाकले आणि पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत उभी राहिली. दहाही पट्ट्यांवर एकच रेघ. एक रेघ म्हणजे काही सापडलं नाही, दोन म्हणजे आजार. धडधाकट पक्ष्यात ही पट्टी सहसा काही दाखवत नाही, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. तरी तिनं रजिस्टरात 'निगेटिव्ह' लिहिलं, सही केली आणि ताईच्या हातचा चहा पिऊन परत आली. भाओजींनी पट्ट्यांचा फोटो काढून ठेवला.

नवव्या दिवशी एका शाळेतून फोन आला. मैदानातल्या झाडाखाली कावळे मरून पडलेत, सकाळपासून सात. काडीबाई पांढरा सूट, मास्क, चष्मा, दुहेरी हातमोजे चढवून गेली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "कुणीतरी विष घातलं असेल." काडीबाईनं एका कावळ्याची मान सरळ केली, काडी फिरवली, थेंब टाकले. पंधरा मिनिटं लागलीच नाहीत. सहाव्या मिनिटाला दुसरी रेघ उमटली, पहिलीइतकीच ठसठशीत.

ती तशीच उभी राहिली. कावळा काय खाऊन मेला असेल, हा विचार तिच्या डोक्यात एकाच दिशेनं गेला. शाळेच्या भिंतीमागून ओढा जात होता. ओढ्याच्या कडेनं ती वर चालत गेली. अर्ध्या तासाच्या वाटेवर खाद्याची रिकामी पोती दिसायला लागली. रिकामी कसली, गच्च भरलेली, तोंडं बांधलेली, आणि त्यातली दोन फाडून कावळ्या-कुत्र्यांनी पिसं चौफेर उधळलेली. पोत्यांवरचा छाप तिच्या ओळखीचा होता. ओढा जिथून वळतो तिथे भाओजींच्या शेडची मागची भिंत होती.

सूट बदलून, नवे हातमोजे घालून ती मागच्या दारानं आत शिरली. नियम बियम काही आठवला नाही असं नाही. आठवला आणि तिनं तो बाजूला सारला. आत नेहमीचा कलकलाट नव्हता. शेडमध्ये इतकं शांत कधीच नसतं. पिंजऱ्यांत कोंबड्या माना टाकून बसलेल्या, डोकी सुजलेली, तुरे जांभळे पडलेले, पायांवर रक्त साकळल्यासारखे डाग. आणि मधल्या वाटेत, बाह्या कोपरापर्यंत सारून, उघड्या हातांनी, तोंडावर साधा रुमालही नसलेली ताई मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरत होती.

"ताई!"

ताई दचकून वळली. पांढऱ्या सुटातलं ते ध्यान तिला आधी ओळखूच आलं नाही.

"टाक ते खाली. टाक म्हणते ना! हात वर धर. तोंडाला लावू नकोस. डोळे चोळू नकोस!"

"अगं ओरडतेस काय अशी? उन्हानं मेल्यात. हे म्हणाले, हवा लागली नाही म्हणून..."

"उन्हानं? आणि कामाची माणसं कुठे गेली सगळी?"

"गेली चार दिवसांपूर्वी. नाही येत म्हणाली."

"त्यांना कळलं ताई! त्यांना कळलं आणि तुला कळलं नाही! अक्कल गहाण ठेवलीस का?"

ताईचा चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदाच धाकटी तिच्यावर असं ओरडत होती. तिनं हात तसेच वर धरले होते, पोराला शिक्षा केल्यासारखे, आणि ते बघून काडीबाईचा राग आणखीच भडकला. तो आता कुणावर काढायचा हेही तिला कळेना. तिनं ताईला साबणानं तीनदा हात धुवायला लावले, आंघोळीला पाठवलं आणि मग पाच मेलेल्या, पाच आजारी अशा दहा कोंबड्या स्वतः निवडून काड्या घेतल्या. दहापैकी नऊ पट्ट्यांवर दोन रेघा आल्या.

तेवढ्यात भाओजी धावत आले. "हे चंद्रावर जायचे कपडे घालून माझ्या शेडमध्ये कुणाला विचारून शिरलीस?"

"तुम्ही मला कोंबड्या निवडून दिल्यात."

"मग? निगेटिव्हच आल्या ना? सरकारी सही आहे तुझी. अंडी रोज जातायत, फोटो दाखवतो व्यापाऱ्यांना." हे त्यांनी अभिमानानं सांगितलं.

"भाओजी, तुम्ही घरच्या बाईला उघड्या हातांनी हे उचलायला लावलंत. स्वतः किती उचलल्यात?"

त्यांचे हात स्वच्छ होते.

नमुन्यांच्या गुलाबी द्रवाच्या कुप्या तिनं एकात एक अशा तीन डब्यांत बंद केल्या, बर्फाच्या पेटीत ठेवल्या आणि दवाखाना गाठला. साहेबांना फोन आधीच येऊन गेला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"बाई, ही झटपट पट्टी काही शेवटचा शब्द नाही."

"नाहीच. म्हणून तर प्रयोगशाळेत पाठवायचंय. आत्ता."

"सोमवारी पाठवू ना. आज शुक्रवार. गाडीही मोकळी नाही."

"गाडी बाहेर उभी आहे."

"ती जनजागृतीच्या कार्यक्रमाला चाललीय. फलक आहेत, पाहुणे आहेत..."

"कसली जनजागृती?"

साहेबांनी टेबलावरचा कागद सरळ केला. "बर्ड फ्लूची."

काडीबाई हसली. ते हसणं ऐकून बाहेरचा शिपाई आत डोकावला. मग ती पेटी उचलून बाहेर गेली, जीपच्या मागच्या सीटवरचे गुंडाळलेले फलक एकेक करून पायरीवर काढून ठेवले, आत बसली, पेटी मांडीवर घेतली आणि दार लावून घेतलं.

साहेब खिडकीशी आले. "बाई, उतरा."

"नाही उतरत."

"हा शिस्तभंग आहे."

"लिहून घ्या. पेनही माझंच देते."

"तुमचे स्वतःचे नातेवाईक आहेत तिथे. उद्या लोक काय म्हणतील?"

"तेच म्हणतील जे आधीच म्हणायला हवं होतं. त्याचीच मला लाज वाटतेय. साहेब, नऊ दिवसांपूर्वी मी खोटी सही केली. खोटी म्हणजे आंधळी. त्या सहीवर रोज अंडी गावोगाव गेली. सोमवारपर्यंत आणखी तीन दिवस जातील. शाळेच्या मैदानात कावळे पडलेत, पोरं त्यांना काठीनं ढोसत होती. माझी बहीण त्या घाणीत कोपरापर्यंत होती. मी उतरले तर ही पेटी त्या फ्रिजमध्ये जाईल आणि तुम्ही मोबाईल लावाल."

अंगणात माणसं जमली होती. साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. हा ड्रायव्हर असा की वर्षभरात दहा वाक्यं बोलला तर खूप. तो बिडी विझवून आला, सीटवर बसला, आरशात काडीबाईकडे बघितलं आणि म्हणाला, "पाचला बंद होते ना ती प्रयोगशाळा?"

"हो."

"मग वाटेत थांबायचं नाही." आणि त्यानं गाडी सुरू केली.

चार तासांचा रस्ता. पाचला वीस मिनिटं कमी असताना पेटी खिडकीतून आत गेली. परतीच्या वाटेवर काडीबाईनं खिडकीकडे तोंड केलं आणि ताईच्या त्या वर धरलेल्या हातांसाठी रडली. ड्रायव्हरनं रेडिओचा आवाज थोडा वाढवला.

रविवारी अहवाल आला. आजार तोच. मग सगळं भराभर झालं, जे अकरा दिवसांपूर्वीच व्हायला हवं होतं. रस्ते बंद, अंड्यांच्या गाड्या अडवलेल्या, शेडमधला आणि भोवतालच्या वस्तीतला प्रत्येक पक्षी मारून खोल खड्ड्यात पुरलेला. त्या कामाला काडीबाई होती. वस्तीतल्या ज्या म्हातारीकडे चारच कोंबड्या होत्या तिनं विचारलं, "माझ्या कोंबड्यांनी काय केलं होतं?" काडीबाईकडे उत्तर होतं, पण ते भाओजींच्या नावाचं होतं, आणि ते म्हातारीला देऊन काय उपयोग?

ताईला दहा दिवस सरकारी रुग्णालयात वेगळं ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. तिच्या घशातली काडी दुसऱ्याच कुणी घेतली. काडीबाई काचेच्या दाराबाहेर उभी राहून ते बघत होती, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा काडी बघून तिनं तोंड फिरवलं. दोन दिवसांनी कळलं, साधा ताप आहे. भाओजी या दहा दिवसांत दोनदा येऊन गेले आणि दोन्ही वेळा भरपाईच्या कागदांवर ताईची सही हवी होती.

पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात साहेबांचा फोटो आला : वेळीच नमुने पाठवून मोठा धोका टाळला. त्याच दिवशी काडीबाईला नोटीस मिळाली : शासकीय वाहन बळकावल्याबद्दल खुलासा करावा. तिनं खुलासा लिहिला, 'वाहन बळकावले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बळकावीन.' मग रजिस्टर उघडलं आणि भाओजींच्या शेडच्या त्या जुन्या नोंदीखाली लाल शाईनं लिहिलं, 'हे पक्षी मालकाने निवडून दिले होते. ते मी स्वीकारले. चूक माझी.'

"नोंद बदलता येत नाही बाई," साहेब म्हणाले.

"बदलली नाही. पूर्ण केली."

नोटिशीचं पुढे काही झालं नाही. साहेबांनी ती, त्यांच्या सवयीप्रमाणे, दुसऱ्या टेबलाकडे पाठवली आणि त्या टेबलानं तिसऱ्या.

ताई घरी गेली. दोन महिने तिनं फोन उचलला नाही. भाओजी नात्यातल्या सगळ्यांना सांगत होते की मेहुणीनं घर बुडवलं, आणि बरेच जण मानही डोलावत होते. मग एका दुपारी ताई स्वतः दवाखान्यात आली. लोक बसतात त्या बाकावर, एका शेळीवाल्याच्या शेजारी बसली. काडीबाई बाहेर आली तशी म्हणाली, "त्या दिवशी तू माझ्यावर ओरडलीस."

"ओरडले."

"त्यांच्यावर ओरडायचं होतंस."

"त्यांच्यावरही ओरडले."

"नाही. त्यांच्याशी तू बोललीस. ओरडलीस ती माझ्यावर. कारण मी ऐकून घेते." ताईचा आवाज चढला. "सगळेच माझ्यावर ओरडतात, मी ऐकून घेते म्हणून. तुला मी वाढवलं ते यासाठी?"

शेळीवाला उठून दुसऱ्या बाकावर गेला. दोघी बहिणी तिथेच, भर दवाखान्यात भांडल्या. चाळीस वर्षांचं साचलेलं सगळं निघालं. लहानपणचे फ्रॉक निघाले, आईचं आजारपण निघालं, भाओजींचं स्थळ कुणी पसंत केलं तेही निघालं. साहेबांनी दारातून एकदा बघितलं आणि दार लावून घेतलं.

शेवटी ताई दमली. "पाणी दे," म्हणाली. पाणी पिऊन झाल्यावर पेला हातातच ठेवून तिनं सांगितलं, "परवा ते नव्या पिल्लांचं बोलत होते. मी म्हटलं, आणा, पण मेलेली तुम्ही उचलायची. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत."

"मग?"

"मग काय? घरात बरीच शांतता आहे," ताई म्हणाली, आणि आणखी एक पेला पाणी मागितलं.