किटलीभोवतीचा पेंढा

मास्तरांनी उभ्या आयुष्यात शाळेत एक तासही घेतला नव्हता, तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत ते पॅकर होते. नव्याने लागलेल्या माणसांना काच कशी गुंडाळायची, आरसा आडवा का ठेवायचा नाही, सुतळीची गाठ कुठे मारायची हे तेच शिकवत, म्हणून मास्तर. कुणाची बदली होते, कुणाचं लग्न मोडतं, कुणाचे आईवडील जातात, आणि मग मास्तर त्या घरी खोकी घेऊन हजर होतात. लोक आपल्याच कपाटांकडे परक्यासारखे बघत उभे असतात आणि मास्तर मुकाट्याने कपबशा कागदात गुंडाळत बसलेले असतात.

त्यांचा नियम एकच होता. खोक्यात मोकळी जागा ठेवायची नाही. वस्तू आपटून फुटते त्यापेक्षा हलून जास्त फुटते, असं त्यांना ज्याने काम शिकवलं त्या म्हाताऱ्या पॅकरचं म्हणणं होतं, आणि मास्तरांनी ते इतकं मनावर घेतलं होतं की घरातही बुटांत मोजे, डब्यात डबे आणि पिशवीत पिशव्या असायच्या. बायको म्हणायची, "एक दिवस मी झोपले असताना माझ्या कानात कापूस कोंबून ठेवाल, हलू नये म्हणून." मास्तर हसायचे. कल्पना वाईट नव्हती.

या धंद्यात एक दुखणं मात्र असतं. काहीही फुटलं, हरवलं, तरी खापर पॅकिंगवाल्यांच्या डोक्यावर फुटतं. मागे एकदा एका घरी चांदीची फ्रेम सापडेना. घरातली बाई अगदी सहज, पाणी मागावं तसं म्हणाली, "पॅकिंगवाल्यांनीच केलं असणार." मग सगळ्यांसमोर दारात मास्तरांची पिशवी उपडी झाली. जेवणाचा डबा, टॉवेल, धाकट्या मुलासाठी घेतलेला चेंडू. चेंडू जिन्यावरून टप्पे घेत खाली गेला आणि मास्तर तो आणायला गेले. फ्रेम नंतर त्या घरातल्याच उशीच्या अभ्र्यात सापडली, तसा कंपनीत निरोपही आला. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत, आणि का ते घरी कुणाला सांगितलंही नाही.

तर या मास्तरांची मोठी बहीण, ताई, लग्न करून परदेशी गेली ती तिकडचीच झाली. आई गेली तेव्हा ताईची कागदपत्रं तिकडच्या कुठल्याशा ऑफिसात अडकली होती आणि तिला येता आलं नाही. फोनवर ती नुसती रडत होती. पुढे काही महिन्यांनी तिनेच या चौघांना, मास्तर, बायको आणि दोन्ही मुलांना, बोलावून घेतलं, आणि आईच्या वस्तूंमधलं काय आणू असं मास्तरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "किटली. दुसरं काही नको. फोडू नकोस म्हणजे झालं."

फोडू नकोस! मास्तरांना क्षणभर रागच आला. मग वाटलं, ती त्यांची मोठी बहीण आहे, तिला ते अजून पायजम्याची नाडी सुटलेलेच दिसत असणार.

किटली चिनी मातीची, पांढरी, निळ्या काठाची. तिचा कान एकदा निखळला होता आणि वडिलांनी तो चिकटवला होता. तेव्हापासून आई चहा ओतताना कानाला धरायचीच नाही, फडक्याने पोटाखाली हात घालून उचलायची. घरात आलेला पाहुणा मदतीला उठला रे उठला की सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "कानाला नको!" मास्तरांच्या मुलांनीही बोलायला लागल्यावर हे शब्द फार लवकर उचलले होते.

अशा वस्तूला कंपनीतला बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद पुरला असता. पण मास्तरांना तो पुरेना. आईची किटली त्यांना म्हाताऱ्या पॅकरच्या पद्धतीने बांधायची होती, म्हणजे पेंढ्यात. शहराबाहेरच्या तबेल्यातून त्यांनी मऊ पेंढा आणला, गच्चीवर उन्हात वाळवला, झाडला, चाळला. किटलीच्या पोटात पेंढा, भोवती पेंढा, वर पेंढा. खोकं बांधून झाल्यावर कानाशी धरून हलवलं. आतून हूं की चूं नाही. त्या संध्याकाळी मास्तरांना आईसाठी काहीतरी केल्यासारखं वाटलं, दवाखान्याच्या दिवसांत जे कधीच वाटलं नव्हतं.

विमानात खोकं त्यांच्या पायांत होतं. तिकडची भाषा घरात एकट्या थोरल्या मुलीला येत होती, शाळेत शिकवत होते म्हणून. शेजारच्या प्रवासी बाईंनी तिला विचारलं, बाबा काय करतात? "ट्रान्सपोर्टमध्ये आहेत," थोरली म्हणाली. मास्तरांनी डोळे मिटले होते, पण कान काही मिटता येत नाहीत. ट्रान्सपोर्ट तर ट्रान्सपोर्ट, त्यात खोटं काय आहे, असं त्यांनी मनाला समजावलं. मन फारसं समजलं नाही.

मग सामानात काय काय आहे ते लिहून द्यायची कस्टमची कार्डं आली. थोरली एकेक प्रश्न वाचून सांगू लागली. खाण्याचे पदार्थ? बायकोने लगेच धाकट्याचे खिसे तपासले आणि अर्धं बिस्किट काढून हवाईसुंदरीच्या हवाली केलं. धाकट्याने भोकाड पसरलं.

"झाडं, बिया, माती, गवत?" थोरलीने विचारलं.

"गवत न्यायला आपण काय गुरं राखतोय?" मास्तर म्हणाले. "नाही लिही."

आणि यात त्यांची लबाडी नव्हती. सामानाची मोजदाद करताना पॅकिंग मोजायचं नसतं. कपाट मोजायचं, कपाटाभोवतीचं गोणपाट नाही. इतकी वर्षं या हिशेबाने काढलेल्या माणसाला पेंढा म्हणजे गवत हे सुचलंच नाही.

उतरल्यावर सामान मिळालं, ढकलगाडीवर चढलं, सामानावर धाकटा चढला. काचेच्या दारांपलीकडे माणसांची गर्दी दिसत होती आणि त्यात ताई असणार होती. बायको टाचा उंच करून बघत होती. तेवढ्यात एका बाई अधिकाऱ्याने हात केला आणि खोक्याकडे बोट दाखवलं. खोकं यंत्रातून गेलं. पडद्यावर किटली दिसली, आणि तिच्याभोवती केसांसारखं काहीतरी. मग पत्र्याच्या लांब टेबलाशी चौघांना उभं केलं. बाईंनी रबरी हातमोजे चढवले आणि सुतळी कापायला सुरी उचलली. मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी हात पुढे करून गाठीचं टोक ओढलं, आणि सगळी सुतळी एका ओढीत मोकळी झाली. बाईंच्या चेहऱ्यावर कौतुकाचा मागमूसही नव्हता.

झाकण उघडलं. पेंढा फुलून वर आला, आणि त्यातून एक बारीक तपकिरी किडा बाहेर पडून टेबलावर चालू लागला.

"बाबा, किडा!" धाकटा आनंदाने ओरडला. "आपल्या घरचा किडा!"

अधिकारी बाईंचा चेहरा दुकानाचं शटर ओढावं तसा बंद झाला. त्यांनी किड्यावर एक डबी उपडी घातली आणि थोरलीशी बोलू लागल्या.

"बाबा, त्या म्हणतायत हे गवत आहे. आणि कार्डावर आपण नाही लिहिलंय."

"गवत कसलं? पॅकिंग आहे ते. पेंढा आहे."

"बाबा, पेंढा म्हणजे गवतच ना?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोने खोक्यात डोकावून बघितलं. "अहो, हा तबेल्यातला पेंढा? मी पोराच्या तोंडचं बिस्किट काढून दिलं, आणि तुम्ही अख्खा गोठा घेऊन आलात?"

"त्या म्हणतायत," थोरलीचा आवाज आता बारीक झाला होता, "खोटं लिहून असं काही आणलं तर खोकं आतल्या वस्तूसकट घेतात आणि जाळून टाकतात. किटलीपण जाईल, बाबा."

काचेपलीकडे ताई होती. सरळ चालत गेलं तर मिनिटभराचं अंतर. आईच्या वेळी ती कागदांपायी पोचू शकली नव्हती, आणि आता आईची किटली तिच्या दारापर्यंत येऊन जळणार होती, तीही मास्तरांच्या हौसेपायी. त्यांना स्वतःची विलक्षण चीड आली.

बाईंनी आणखी काही विचारलं. थोरलीने ऐकलं, थोडा विचार केला आणि बाबांच्या जवळ सरकली.

"त्या विचारतायत खोकं कुणी बांधलं, आणि आत काय आहे ते माहीत होतं का. बाबा, मी सांगते की पॅकिंगवाल्यांनी बांधलं. आपल्याला काही माहीतच नव्हतं. मग सोडतील ते आपल्याला."

अगदी सहज म्हणाली ती. पाणी मागावं तसं.

मास्तरांनी पोरीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. बापाला वाचवायचं होतं, किटली वाचवायची होती, आणि जगात सगळे म्हणतात ते वाक्य तिला हाताशी सापडलं होतं. आणि खरं सांगायचं तर मास्तरांना मोह झाला. कुणाचं काय जाणार होतं? कुठले पॅकिंगवाले, कुठे आहेत ते, कोण त्यांना शोधायला जातंय? नुसती मान हलवायची होती. पण ती हलेना. जिन्यावरून टप्पे घेत जाणारा चेंडू त्यांना ऐकू येत होता.

"बाळा," ते म्हणाले, "ते पॅकिंगवाले म्हणजे मीच ना?"

थोरलीने टेबलावरच्या मोकळ्या सुतळीकडे बघितलं.

"त्यांना सांग, मी पॅकर आहे. हे खोकं मी बांधलं. पेंढा मी घातला, माहीत असून घातला. तो कार्डावर लिहायचा असतो हे माझ्या डोक्यात आलं नाही. चूक माझी आहे."

"पॅकर... असंच सांगू?" तिचे कान लाल झाले होते.

"असंच सांग."

तिला त्या भाषेतला नेमका शब्द आठवेना. मग ती हातांनी सांगू लागली. हवेत खोकं काढलं, त्यात एकेक वस्तू ठेवली, भोवती सुतळी फिरवली, गाठ मारली आणि बाबांकडे बोट दाखवलं. सांगता सांगता तिचा आवाज मोठा झाला. पुढे ती काय म्हणाली ते मास्तरांना कळलं नाही, पण ती बरंच काही म्हणाली आणि बाई ऐकत होत्या.

मग वरिष्ठ आले, बोलणी झाली, बाकावर वाट बघणं झालं. धाकटा आईच्या मांडीवर झोपला. शेवटी निकाल लागला. पेंढा, खोकं, सुतळी सगळं पिवळ्या पिशवीत जाणार, सोबत किडाही. किटली धुऊन परत मिळणार. मास्तरांच्या नावाची नोंद राहणार आणि पुन्हा असं झालं तर गय केली जाणार नाही. खरं बोलल्याचं हे बक्षीस होतं असं कुणी समजू नये. कदाचित पॅकिंगवाल्यांचं नाव सांगूनही हेच झालं असतं, कदाचित नसतंही. ते आता कळायला मार्ग नाही.

अधिकारी बाईंनी किटली धुवायला नेण्यासाठी हात घातला, तो थेट कानाला.

"कानाला नको!" चौघे एकदम ओरडले. धाकटा तर झोपेतून उठून ओरडला.

बाई दचकल्या. भाषा कळली नाही, पण अर्थ पोचला असावा. त्यांनी कान सोडला, दुसरा हात किटलीच्या पोटाखाली घातला आणि तान्हं मूल उचलावं तशी ती उचलून नळापाशी नेली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. किटली ओली, स्वच्छ होऊन परत आली आणि टेबलावर एकटीच उघडी उभी राहिली. खोकं नाही, कागद नाही, काही नाही. मास्तर इकडेतिकडे बघू लागले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्याकडे वस्तूभोवती बांधायला काही नव्हतं.

थोरलीने आपली पाठपिशवी काढली आणि टेबलावर उपडी केली. पुस्तकं, कंगवा, मोजे, बनियन, काय काय घरंगळलं. तिने किटली आतून पुसली, धाकट्याचे मोजे घेतले आणि एकेक करून पोटात भरू लागली.

"मोकळी जागा नको ना, बाबा?"

"नको," मास्तर म्हणाले. नाक पुसून त्यांनी तिला कान कसा आधी गुंडाळायचा ते दाखवलं. भोवती तिचा मफलर घेतला. मफलरची गाठ ते मारायला गेले, तर तिने हात बाजूला केला. गाठ जरा वेडीवाकडी झाली, पण घट्ट होती. मास्तरांनी ती बदलली नाही.

ताईच्या घरी पोचल्यावर कुणी बूटही काढले नव्हते आणि पाठपिशवी स्वयंपाकघरातल्या टेबलावर होती. ताईने गाठ सोडली. मफलर निघाला, बनियन निघाला, किटलीच्या पोटातून एकामागून एक मोजे निघाले. ताई हसत होती आणि रडतही होती. मग तिने कानाला हात न लावता किटलीच्या पोटाखाली तळवा घातला, आई घालायची तसाच, आणि ती छातीशी धरली.

"अरे, पण हे असलं बांधलं तरी कुणी?" शेवटी डोळे पुसत तिने विचारलं.

मास्तर तोंड उघडणार, तेवढ्यात थोरली पुढे झाली.

"पॅकिंगवाल्यांनी, आत्या," ती म्हणाली. "बाबांनी आणि मी."