जास्वंदीचा राखणदार

आमच्या मुलुंडच्या बागेत स्वयंसेवकांची फौज आहे. हिरवी जॅकेटं घालून ही मंडळी झाडांना पाणी घालतात आणि माणसांना दम देतात. त्यातल्या एका काकांचं नाव मला अजून माहीत नाही. गळ्यात शिट्टी, हातात बारा महिने छत्री आणि मुक्काम गेटजवळच्या जास्वंदीपाशी. देवासाठी फूल तोडायला कुणी हात वर केला की शिट्टी वाजलीच. मग प्रवचन सुरू, "फुलं झाडावरच शोभतात. देव काय फक्त तुमच्याच घरी राहतो?"

एका मंगळवारी मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. काका छत्रीच्या मुठीने फांदी खाली ओढून फुलं तोडत होते. पिशवी गच्च भरली होती. मला वाटलं, आता ओशाळतील. कसलं काय!

"बघतोस काय? फांदी धर," ते म्हणाले. "थोड्या वेळात लोक येऊन ओरबाडून नेतील. म्हणून मी आधीच काढून ठेवतो."

मी मुकाट्याने फांदी धरली. त्या जॅकेटचा रुबाबच तसा आहे.

शेवटचं फूल पिशवीत पडलं आणि रोजच्या मालवणी आजी आल्या. त्या झाडाकडे नुसत्या बघत उभ्या राहिल्या, तरी शिट्टी वाजली.

"आजी, फुलाला हात लावायचा नाही!"

"मेल्या, फूल खंय आसा?" आजी करवादल्या.

काकांनी पिशवीला गाठ मारली, बोडक्या झाडाकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून हळहळले, "बघितलंस? जरा लक्ष हटलं की बागेची अशी वाट लागते."