ह्याला चीज म्हणू नका

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे मिस्त्री म्हणत. निम्मं आयुष्य इमारतींच्या गच्चीवरच्या मोटरखोलीत गेल्यामुळे असेल, पण मिस्त्री जगाकडे वरूनच बघायचा. दुपारी तिथेच डबा उघडायचा. पाव आणि चीजचा जाड तुकडा. पिवळं, उग्र, वास मारणारं चीज. जोडीदार नाक दाबून बाहेर जायचा, आणि ज्याला एवढा वास सोसत नाही त्याच्या हातून लिफ्टचा ब्रेक काय नीट होणार, असं मिस्त्रीचं स्वच्छ मत होतं.

त्याच्या तुच्छतेचा मोठा वाटा मात्र जावयाला मिळायचा. जावई विमा कंपनीत होता आणि दुधाचं काहीच खात नसे. न खाईना का, पण जेवताना वासरांची करुण कहाणी लावायचा. मिस्त्रीने मनातल्या मनात त्याचं नाव पालापाचोळा ठेवलं होतं. तोंडावर म्हणायचा, "जावईबापू, वासराचं राहू द्या, तुमच्या ताटातलं गाजर रडतंय बघा."

मग एकदा लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून काम करताना मिस्त्रीच्या पोटात असा मुरडा आला की तो तिथेच उकिडवा बसला. आत एक म्हातारी अडकलेली. "अहो, झालं का?" ती खालून विचारतेय, आणि हा वर घामाघूम. कशीबशी लिफ्ट मजल्याला लावली, दार उघडलं आणि म्हातारीला हात द्यायचं सोडून पळत सुटला.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीण लेकीपेक्षाही लहान. ती म्हणाली, "काका, दुधाचं काहीच तुम्हाला सोसत नाही आता. चीजसुद्धा बंद."

"जन्मभर खाल्लंय मी."

"मग पुरे झालं की."

कालची पोर मला शिकवणार, असं म्हणत त्याने घरी येऊन मुद्दाम मोठा तुकडा खाल्ला. त्यानंतर तो दोन दिवस संडासाबाहेर फारसा दिसला नाही. तेव्हा कुठे चीज सुटलं.

दुकानात बिनदुधाच्या चीजचे प्रकार होते. एक तव्यावर टाकलं तर त्याला घाम फुटला, पण वितळायचं नाव नाही. दुसऱ्याला साबणाची चव. तिसरं दाताला असं चिकटलं की मिस्त्रीने ते जिभेने काढता काढता बनवणाऱ्याचं सगळं खानदान उद्धारलं. "मेणबत्ती खाल्ली असती तर निदान उजेड पडला असता," तो लेकीला फोनवर म्हणाला.

"बाबा, हा घरी करतो काजूचं. या ना रविवारी."

तो गेला. नाइलाजाने, आणि तोंड वाकडं करूनच. जावयाने भिजवलेले काजू वाटले, लिंबू पिळलं, मीठ घातलं आणि तेवढ्यात दोन वासरंही उरकून घेतली. मिस्त्रीने बोटभर चाटलं. "भिंतीच्या भेगा छान बुजतील," तो म्हणाला. जावई फुगला. लेकीने कपाळावर हात मारला.

पाणी घ्यायला मिस्त्रीने फ्रिज उघडला. मागच्या बाजूला एक वाटी होती, वर पांढरट साय धरलेली. त्याने वास घेतला आणि पुन्हा घेतला.

"ते टाकायचंय," जावई म्हणाला. "काजूचंच आंबवायला ठेवलं होतं, विसरलो. फार उग्र झालंय."

मिस्त्रीने तुकडा तोंडात टाकला. आंबट, खारट, नाकात जाणारा. त्याने वाटी सरळ पिशवीत घातली.

ती संपली तेव्हा खरी पंचाईत झाली. कृती पालापाचोळ्यालाच विचारावी लागणार होती. मिस्त्रीने दोनदा फोन उचलून ठेवला, मग लावला. "ते बिघडलेलं... कसं बिघडवलंत?" जावई खुलला. विरजण कसलं, किती दिवस ठेवायचं, हे त्याने नीट सांगितलं, आणि मग गाडी वासरांवर आली. मिस्त्रीने फोन ओट्यावर ठेवला आणि मिक्सर सुरू केला.

पुढच्या वेळी तो लेकीकडे गेला तो स्वतः मुरवलेली वडी घेऊन. लेकीने खाल्ली, पुन्हा मागितली. जावई डोळे मिटून म्हणाला, "बाबा, हे चीज अप्रतिम आहे. शेवटी तुम्हालाही वासराची दया आली."

"वासराचा काही संबंध नाही. माझं पोट बिघडलं म्हणून करतोय," मिस्त्री म्हणाला. "आणि ह्याला चीज म्हणू नका."

मग त्याने जावयाला आणखी एक तुकडा कापून दिला. जरा पातळच.