त्यानं हात बघितलेच न्हाईत

अगं पोरी, जरा ध्यान देऊन ऐक. एजंटानं कामाचं काही न विचारता नुसता फोटो मागितला, आन् तू देऊन मोकळी झालीस? तुझा निरोप वाचला आन् मला घोरावाडीचं स्टेशन आठवलं. भातकापणी झालती, पेंढ्याचा वास अजून अंगाला होता. मुंबईच्या कारखान्यात लावतो म्हणून एक माणूस मला आन् माझ्या मैत्रिणीला न्यायला आलता. अत्तराचा घमघमाट, बोलणं लय गोड. मावशी पोचवायला आलती. आमच्याकडं भाताच्या आवणीला, रोपं लावायला, बाया ठरवताना मुकादम आधी तळहात बघतो. म्हणून मावशीनं माझा हात त्याच्यापुढं धरला, "भाऊ, हिच्या हाताचे घट्टे तर बघा!" तो हसला, "हात कशाला, मावशी? चेहरा छान आहे की." मावशीनं माझं मनगट आवळलं ते सोडलंच न्हाई. मैत्रिणीलाही म्हणाली, "पोरी, चढू नगं." ती मला चिडवत म्हणाली, "भित्री कुटली!" आन् गाडीत चढली. ती परत आलीच न्हाई. तिची आई पुढं कित्येक वर्षं स्टेशनावर जाऊन उभी राहायची. तुझे हात तरी कुणी बघितले का गं? त्या एजंटाला काही कळवायच्या आधी माझ्याकडं ये, लवकर ये.